राडकाचा डबा कुणी ओळखला

नमस्कार मंडळी. तुमचे अनुभव मी तीन-चार वर्षं नुसते वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. चिखलीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. बायका साडी घेऊन येतात, फॉल लागेपर्यंत स्टुलावर बसतात आणि तेवढ्या वेळात मला चकवा, हडळ, विहिरीतली बाई, सगळं ऐकवून जातात. मी तोंडातल्या टाचण्या सांभाळत मान हलवते आणि मनात हसते. इतकी वर्षं हसले, आणि आता माझ्यावरच सांगायची पाळी आली.

आणखी एक. माझा अनुभव भीतीचा नाही. ज्यांना अंगावर काटा हवाय त्यांनी खुशाल पुढचा धागा उघडावा, मला वाईट वाटणार नाही.

तर, माझी एक मैत्रीण आहे, राडका नावाची. बल्गेरियात राहते. हा देश नक्की कुठे आहे ते मला आधी माहीत नव्हतं, मुलाच्या ॲटलासमध्ये शोधावं लागलं. फोनवरच्या विणकामाच्या एका ग्रुपवर मी माझ्या क्रोशाच्या तोरणाचा फोटो टाकला होता, त्यातल्या पोपटाची चोच कशी विणली असं तिनं विचारलं. मला सांगता येईना, म्हणून कागदावर चित्र काढून पाठवलं. तिनं चोच विणून फोटो पाठवला. चोच वाकडी होती, तसं मी कळवलं. नऊ वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तेव्हापासून आमचं चालू आहे. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, तिचं बसमधल्या टुरिस्टांकडून शिकलेलं. व्याकरणाचं म्हणाल तर दोघींचाही आनंदच आहे, त्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटत नाही.

बसमधल्या टुरिस्टांकडून, कारण राडका बस चालवते. बावन्न वर्षांची बाई, पावणेसहा फूट उंच, आखूड पांढरे केस, आणि शहरातली भली लांबलचक बस चालवते. आमचे हे पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर तिला पाहून म्हणाले, "वंदना, हिच्यासमोर जपून बोल." आमचे हे स्वतः स्कूटर रिव्हर्स घेताना पडलेले आहेत.

दर आश्विनात मी तिला भुलाबाईचा खेळ फोनवर दाखवायचे. ज्यांच्याकडे भुलाबाई नसते त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि मग खिरापत ओळखतात. ज्या घरी खेळ असेल तिथे प्रत्येकीनं आणलेला डबा झाकण लावूनच ठेवायचा. तो हलवायचा, आवाज ऐकायचा, आंबट का गोड का तिखट ते विचारायचं आणि आत काय आहे ते सांगायचं. जी ओळखेल तिला पहिला वाटा. भुलाबाईपुढं ठेवलेला डबा न उघडता परत न्यायचा नाही, हाही नियम. मी फोनसमोर डबा हलवायचे आणि राडका दरवेळी एकच उत्तर द्यायची, "लाडू?" आत चिवडा असला तरी लाडू, डाळ असली तरी लाडू. नऊ वर्षांत एकदाही बरोबर आलं नाही.

आता तिच्या स्वतःच्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे.

चार वर्षांपूर्वी राडका गाव सोडून समुद्राकाठच्या शहरात नोकरीला निघाली. आई एकटी, तिला ते पटलं नाही. थंडीचे दिवस होते. दोन दिवस घरात भांडण चाललं आणि शेवटी आई म्हणाली, "जायचं तर तुझं सगळं सामान घेऊन जा. माझ्या घरात तुझं काही ठेवू नकोस." राडकानं रागाच्या भरात घराची किल्ली टेबलावर आपटली आणि निघाली. बस सुटता सुटता आई धावत स्टँडवर आली, खिडकीतून एक पत्र्याचा डबा आत दिला आणि एक शब्द न बोलता वळून गेली. बिस्किटांचा जुना डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. तीन आठवड्यांनी आई गेली. राडका वेळेत पोचली नाही.

तो डबा तिनं उघडलाच नाही. तिची खात्री होती की 'तुझं काही ठेवू नकोस' म्हटल्याप्रमाणे आईनं आत ती किल्लीच टाकली आहे, आणि लहानपणच्या उरल्यासुरल्या वस्तू. म्हणजे आईनं तिला घरातून शेवटचं बाहेर काढलं तो पुरावाच. "किल्ली निघाली तर मी काय करू, वंदना?" असं तिनं मला एकदा विचारलं होतं. उघडवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. जिथे जाईल तिथे डबा बॅगेत. बॅग ठेवतानासुद्धा असं हळू ठेवायची की आतलं वाजू नये. मी तिला कधी उघड म्हटलं नाही. माझीही आई गेलेली आहे, मला तिचं कळत होतं.

मागच्या आश्विनात ती खरोखर आली. बारा दिवसांची रजा काढून, मुंबईहून रेल्वेनं मलकापूरला. मी फलाटावर चाफ्याची वेणी घेऊन उभी. तिचे केस इतके आखूड की वेणी माळायला जागाच नाही, मग तिनं ती गळ्यात घातली आणि तशीच राजूरचा घाट चढून बुलडाण्यामार्गे चिखलीला आली. घाटातल्या प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता.

पहिले दोन दिवस तिच्या मानेनं घोळ घातला. बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी. हे मला माहीत होतं, पण आमच्या घरच्यांना नाही. सासूबाईंनी विचारलं, "आणखी भाकरी?" राडकानं नको म्हणून मान उभी हलवली. भाकरी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चौथ्या भाकरीला घाम पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा कुठे मी मधे पडले. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं, म्हणून उशीर झाला.

मग आम्ही दोघी हिंडलो. शेजारच्या उंद्रीला माझ्या नणंदेच्या शेतात सोयाबीन पाहिलं. लोणारला गेलो, सरोवराच्या काठावर तिनं पूर्ण वर्तुळ नजरेनं मापलं आणि म्हणाली, "इथे बस वळवायला भरपूर जागा आहे." परत येताना काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर तिला बसवलं होतं. बीबी गावाच्या अलीकडे तिनं कान टवकारला आणि मला म्हणाली, मागचं डावं चाक, बेअरिंग गेलंय. मी ड्रायव्हरला सांगितलं.

"बाईले काय समजते त्यातलं?" तो म्हणाला. "रोज चालवून राह्यलो मी हे गाडी."

"तीबी रोज चालवते," मी म्हटलं. "बस."

बीबीला गॅरेजवाल्यानं चाक काढलं. बेअरिंग खरंच गेलं होतं. ड्रायव्हरनं आमच्याकडून भाडं घेतलं नाही, वर चहा पाजला, आणि निघताना राडकाला हात जोडून म्हणाला, "ताई, सेल्फी." त्या वेळी एक गोष्ट माझ्या मनाला लागली. ही बाई नुसत्या आवाजावरून चाकाच्या आतलं सांगते, आणि स्वतःच्या बॅगेतल्या डब्याचा आवाज ऐकायची हिच्यात हिंमत नाही.

शेवटचा मुक्काम सोनाळ्याला, कमलमावशीकडे. कमलमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, मावशीचं घर साधं, पुढे ओसरी, मागे शेवग्याचं झाड. घरात मावशी, तिचा मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात गौरी. आम्ही गेलो त्या दिवशी सून नोकरीच्या कामानं जळगाव जामोदला अडकली होती, मुलगा शेतावर. कोजागरीला दोन दिवस राहिले होते आणि त्या संध्याकाळी भुलाबाई मावशीच्या ओसरीवर होती.

मावशीनं राडकाला पाहिल्या पाहिल्या तिचं नाव राधा करून टाकलं. "ये व राधा, बस. किती उंच हायेस व बाई, चौकटीले डोकं लागते तुहं." राडकाला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण ती वाकून आत आली आणि मावशीच्या गळ्यात पडली.

दुपारभर वीज नव्हती. आली तेव्हा आम्ही दोघींनी आपापले फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी कुणीतरी व्हिडिओ का नाही असं विचारणारच. त्या घरात एकच बोर्ड धड चालतो आणि तो आतल्या खोलीत आहे. मग राडका बॅगेतून सगळ्यांसाठी आणलेल्या वस्तू काढत बसली. गुलाबाचा साबण, चॉकलेटं, गौरीसाठी विणलेली टोपी. ते सगळं खाटेवर मांडलं, डबाही तळातून वर आला असावा. मग ती हातपाय धुवायला मागे गेली आणि मी तिला पाणी द्यायला.

आम्ही परत आलो तर ओसरीवर दिवे लागले होते, पोरींची गाणी चालू होती. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलोजी-भुलाबाई, पुढं अकरा-बारा पोरींनी आणलेले स्टीलचे डबे एका ओळीत, आणि त्या ओळीच्या मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, राडकाचा डबा. वर हळद-कुंकू वाहिलेलं.

मावशीला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"मावशी, तो डबा कुणी ठेवला तिथं?"

"म्या ठेवला. काऊन?"

"अगं, तो खिरापतीचा नाही..."

"आता भुलाबाईच्या दिवसात बंद डबा घेऊन बाई घरी आली, तं तो खिरापतीचा नाही तं कायचा? इतक्या दुरून आनला तिनं. मले तं भरून आलं व पाह्यल्यावर."

मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मावशीचा चेहरा पडला. तिनं पदर तोंडाला लावला. "मले काय मालूम व वंदे. आता परत कसा उचलू? पोट्ट्यायनं पाह्यला, कुंकू लावलं त्याले." मग म्हणाली, "थांब, मी दुसरा डबा ठेवतो त्या जागी. पोट्ट्यायले सांगतो का बिघडला म्हनून."

पण तोवर उशीर झाला होता. गाणी संपली होती आणि गौरीनं डबा उचलून कानाशी धरून हलवलाही होता. खडखड असा आवाज आला.

राडका दारात उभी होती. चार वर्षं ज्या आवाजापासून तिनं स्वतःला वाचवलं तो तिला ऐकू आला होता. मी तिच्याकडे धावले, चूक झाली, मावशीला माहीत नव्हतं, आत्ता काढून घेते असं काहीबाही बोलले. ती ऐकत नव्हती. तिचा चेहरा मी बीबीच्या रस्त्यावर पाहिला होता तसा झाला होता, कान देणारा.

"पुन्हा हलव," ती गौरीला म्हणाली. हातानं करून दाखवलं.

गौरीनं पुन्हा हलवला.

"ही किल्ली नाही," राडका मला हळूच म्हणाली. "लोखंड असं वाजत नाही." आणि ती सरळ जाऊन पोरींच्या घोळक्यात मांडी घालून बसली. लांब पाय मावेनात, मग एक पाय दोघींच्या मधून पसरला. मला म्हणाली, "नियम काय आहे? न उघडता परत न्यायचा नाही. मग खेळू दे त्यांना."

मी पोरींना सांगितलं की आत काय आहे ते राडकामावशीलाही माहीत नाही. असा डबा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दोन मिनिटांत ओसरीवर बाजार भरला.

"शेंगदाने."

"नाही व, मोठं वाजते. सुपाऱ्या."

"खोबऱ्याच्या वड्या."

"वड्या अशा वाजतेत का? बिब्बे असतीन."

"खिरापतीत बिब्बे काऊन आनीन व ते?"

डबा हातोहात फिरला. राडकाच्या हातात आला तेव्हा तिनं तो पहिल्यांदा स्वतः हलवला आणि मोठ्यांदा म्हणाली, "लाडू!" मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीही हसत होती.

आणि तेव्हा ते झालं. क्षणभर सगळ्या गप्प होत्या, जशा गप्पांमध्ये कधीकधी होतात. आणि एक बाई बोलली. घोगरा, मायेचा, वयस्क आवाज. अजिबात घाई नसलेला.

"अक्रोड हायेत व. सात. एकात दाना नाही, त्यातच पाहा."

बस, एवढंच. राडकाच्या तोंडून एकदम "दा!" निघालं. त्यांच्या भाषेत हो. ती उठली आणि कमलमावशीला तिनं अशी मिठी मारली की मावशीचे पाय जमिनीवरून सुटले. पोरी ओरडल्या, टाळ्या वाजल्या, कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि राडकानं नखानं ती पिवळी पडलेली चिकटपट्टी सोलायला सुरुवात केली. चार वर्षं जी सोलवली नाही ती. मी अगदी जवळून पाहत होते, पट्टी चारही बाजूंनी जशीच्या तशी होती. झाकण निघेना, मग मावशीनं उलथनं आणून दिलं.

आत अक्रोड. मी मोजले, पोरींनी मोजले. सात.

किल्ली नव्हती.

राडकानं एकेक अक्रोड हातात घेऊन तोलला. पाचवा हलका लागला. त्याच्या जोडावर डिंकाची बारीक रेघ होती. तिनं बोटानं दाबला, दोन टरफलं सुटली. आत लाल आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ दिलेला दोरा, छोटीशी गुंडाळी करून ठेवलेला.

ती रडली हे सांगायला नकोच. पण ते रडणं पाहून कुणाला वाईट वाटलं नाही, असं ते होतं. थोड्या वेळानं तिनं मला समजावलं आणि मी सगळ्यांना. त्यांच्याकडे मार्चच्या पहिल्या दिवशी आई पोरांच्या मनगटाला असा दोरा बांधते, वर्षभर बरं राहावं म्हणून. झाडाला बहर दिसला की तो दोरा त्या झाडाला बांधायचा. राडका लहानपणी कुठे बाहेरगावी असली की आई तो दोरा पोकळ अक्रोडात लपवून पाठवायची. "मार्चला मी घरी नसणार हे तिला माहीत होतं," राडका म्हणाली. "म्हणजे तोंडानं भांडत होती, आणि रात्री बसून हे करत होती."

"मंग?" कमलमावशी डोळे पुसत म्हणाली. "माय काय किल्ली देईन का डब्यात?" आणि तिनंच तो दोरा राडकाच्या मनगटाला बांधला. तीन गाठी मारल्या.

बाकीचे सहा अक्रोड बत्त्यानं फोडले. थोडे खवट होते, खोटं कशाला बोलू. पण पोरींनी संपवले. वाटप करायच्या आधी मावशीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "ओळखलं कोनं? पुढं ये, पहिला वाटा घे."

कुणी पुढं आलं नाही. पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला वाटलं मागे दारात शेजारची कुणी बाई उभी असेल, बोलून गेली असेल. मावशी म्हणाली, "असू द्या, जिनं ओळखलं तिचा भुलाबाईपुढं ठेवा." पहिला वाटा मखरात ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. माझ्या डोक्यात तेव्हा काहीही आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

सकाळी राडका मागच्या अंगणात गेली. शेवगा पांढऱ्या फुलांनी भरला होता. तिनं हात उंच केला, तिला शिडीची गरज नव्हती, आणि दोरा फांदीला बांधला.

तिची गाडी शेगावहून दुपारची होती. स्टेशनवर आम्ही कचोरी खात बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? मावशीला ते वाक्य शिकवायला तुला किती दिवस लागले?"

"कुठलं वाक्य?"

"अक्रोडाचं. बल्गेरियन फार छान बोलली. उच्चार अगदी आमच्या गावाकडचे. आधी मला वाटलं तू चोरून डबा उघडलास, पण पट्टी तर शाबूत होती. कसं केलंत दोघींनी?"

मी कचोरी खाली ठेवली. मी तिला म्हटलं, अगं, ती बाई आमच्या बोलीत बोलली. राडका हसली, माझी थट्टा करू नकोस म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायची थांबली. तेव्हा मला उमगलं, की मी तिला ते वाक्य भाषांतर करून सांगितलंच नव्हतं. वेळच मिळाला नव्हता. तिनं "दा" म्हटलं ते माझ्याआधी.

तिथूनच मावशीला फोन लावला. स्पीकरवर.

"मावशी, काल अक्रोड कोण म्हणालं?"

"तूच तं म्हनली."

"मी नाही बोलले."

"मले तं तूच वाटली व. म्या मनात म्हनलं, वंदीचा आवाज किती ताईवानी झाला. तुह्या मायवानी." ताई म्हणजे माझी आई. मावशी पाच वर्षांची असताना त्यांची आई गेली, तिला माझ्या आईनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं.

मग गौरीनं फोन घेतला. "मले वाटलं माही आई आली जळगाववरून. म्हनून मी दाराकडं पळाली, तं कोनीच नव्हतं." तिच्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली तिला काहीच ऐकू आलं नाही, ती खोबरं खाऊन राह्यली होती.

राडकाची गाडी आली. तिला डब्यात चढवलं. खिडकीतून मी तिला एक स्टीलचा डबा दिला, झाकण घट्ट लावलेला, आणि हलवून दाखवला. ती आतून ओरडली, "लाडू!" या वेळी खरंच लाडू होते. मी मान आडवी हलवली, बल्गेरियन पद्धतीनं, आणि गाडी सुटली.

आमचे हे म्हणतात की गोंधळात कुणीतरी अंदाज केला आणि बाकीचं तुम्ही नंतर मनानं रचलं. असेल. मग सात कसे? आणि एकात दाणा नाही हे? त्यावर ते पेपर वाचायला घेतात. राडकाला एक मुलगा आहे, त्याचं म्हणणं, आईला आतून ठाऊकच होतं. असेल, पण मग माझ्या कानावर वऱ्हाडी कशी पडली? आम्ही दोघी अजूनही यावर भांडतो. ती म्हणते आवाज बल्गेरियन होता, मी म्हणते वऱ्हाडी होता, आणि दोघी माघार घेत नाही.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही मागे वळून पाहिलं का नाही? खरं सांगते. मी वर लिहिलं की मला शेजारची बाई वाटली. ते नंतर मनाची समजूत घालायला सुचलेलं आहे. त्या क्षणी मी वळले नाही, कारण तो आवाज इतका ओळखीचा होता की कोण आहे ते पाहायची गरजच वाटली नाही. आईला गेल्याला अकरा वर्षं झाली. लहानपणी ती मागून बोलली की मी कधी वळून पाहत होते?

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे असलं तर सांगा, वाचेन. मावशीनं कालच फोटो पाठवलाय, शेवग्यावर दोरा अजून आहे, लाल रंग उडालाय. राडकाला तो दाखवून मी पुन्हा तेच विचारलं, तुझी आई होती का माझी?

"कुणाची का असेना," ती म्हणाली. "नऊ वर्षांत कुणीतरी बरोबर ओळखलं."